बाटली क्रमांक ५३-एन

सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना आला की आधी त्याला नंबर पडतो. गावाचं नाव, पाणी कुठलं (विहीर, हातपंप की नळ), कधी घेतलं, कोणी आणलं, हे सगळं रजिस्टरमध्ये चढतं आणि मग बाटलीवर आमचा आकडा. तिथून पुढे ती मारुतीच्या देवळासमोरची विहीर उरत नाही. पुढचे दोन दिवस ती कोणाच्या नजरेत भरू नये, तिच्याकडे फक्त आकडा म्हणून पाहिलं जावं, यातच तिची धडगत असते. दोन दिवसांनी निकाल लिहायचा: ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’.

या कामात माझी तीसेक वर्षं गेली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग नळ्या भरण्यात, वाफवण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात जातो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो जंतू बहुतेक दिवशी दिसतच नाही. दिसतो तो गढूळपणा, रंग बदललेलं माध्यम, छोट्या उलट्या नळीत साठलेला वायूचा बुडबुडा. आणि यातला एखादा जंतू विहिरीतून न येता आमच्याच टेबलावरून आलेला नाही, हे सिद्ध करण्यात निम्मं कौशल्य खर्ची पडतं. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. ‘जंतू सापडला ना? मग झालं!’ असं त्याचं म्हणणं असतं. सापडला हे खरं, पण तो शिरला कुठे?

या एका प्रश्नावर एका माणसाचं आयुष्य उधळलं गेलं, आणि त्याचं नाव आज मुंबईत परळच्या एका मोठ्या फाटकावर आहे. त्या प्रकरणातली बाटलीही नंबरानेच ओळखली जाते. ५३-एन.

व्लादिमीर (पुढे वॉल्डेमार) हाफकिन हे ओडेसाचे. जन्म १८६० सालचा. शिकले प्राणिशास्त्र, इल्या मेचनिकॉफ यांच्या हाताखाली. डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल. ज्यू असल्यामुळे झारच्या रशियात प्राध्यापकीची दारं बंद, त्यात तरुणपणी क्रांतिकारकांशी संबंध. शेवटी पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले तेही साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३मध्ये ती लस घेऊन ते कलकत्त्याला आले आणि तिथल्या वस्त्यांमध्ये लोकांना टोचत फिरले.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. प्लेगचा जंतू तेव्हा जेमतेम दोन वर्षांपूर्वी, हाँगकाँगच्या साथीत सापडलेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर लस करायची होती, आणि बाहेर माणसं मरत होती. तीन महिन्यांत एका मदतनिसाचं मानसिक संतुलन ढळलं, दोघं काम सोडून गेले. मला त्यांना भित्रं म्हणावंसं वाटत नाही. प्लेगच्या जिवंत जंतूंनी भरलेले फ्लास्क ज्या व्हरांड्यात ठेवलेत तिथे रोज ये-जा करणं, आणि तेही या जंतूपासून वाचायला हातात काहीच नसताना, ही काय गोष्ट आहे ते त्या टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

लस तयार करण्याची हाफकिन यांची रीत थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातच दडलेला आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा असे. इथे गाईचं चालणार नाही, डुकराचंही नाही, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरून वाढतात आणि गुहेच्या छतातून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबत उतरतात. फ्लास्क हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात आणि थेंबांखाली नवं पीक धरतं. असं पाच-सहा आठवडे चालायचं. फ्लास्क मात्र मधल्या काळात अगदी निश्चल हवा.

या रीतीतली सुंदर गोष्ट अशी की ते लोंबते सुळके हीच शुद्धतेची खूण होती. दुसरा कुठलाही जंतू आत शिरला तर रस्सा सरसकट गढूळ होतो, वरती साय धरते, वास येतो. फ्लास्क न उघडता, नुसत्या डोळ्यांनी, बरं-वाईट ओळखता येत होतं. सहा आठवड्यांनी पीक पुरेसं झालं की फ्लास्क साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवायचा, म्हणजे प्लेगचे जंतू मरतात. शेवटी अर्धा टक्का कार्बॉलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या डोसापेक्षा कितीतरी मोठा, १० घन सेंटिमीटरचा डोस स्वतःला टोचून घेतला. ताप आला, अंग ठणकलं, उतरलं. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ पोहोचली. तिथल्या कैद्यांपैकी जे स्वतःहून पुढे आले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. जेवण एक, जागा एक, उंदीर-पिसवाही त्याच. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले, सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोन आजारी पडले, दगावलं कोणी नाही. संख्या लहान आहे, आणि आजच्या कसोटीला हा प्रयोग अपुराच ठरेल. कैद्यांच्या ‘स्वेच्छे’बद्दलही आज आपण जास्त प्रश्न विचारू. पण तुलनेसाठी न टोचलेला गट समोर ठेवायचा, ही शिस्त त्या धावपळीतही पाळली होती.

बाहेरची हवा या लशीला अनुकूल नव्हती. पुण्यात घरोघरी शिरून रोगी शोधणारे गोरे सोल्जर, छावण्या, जाळलेलं सामान, आणि जूनमध्ये रँडचा खून. मार्चमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत मदनपुऱ्यात दंगल उसळली. सरकार ज्या हाताने घराचं दार फोडतं त्याच हाताने सुई पुढे करतं, असं लोकांना वाटलं तर नवल काय? अशा वेळी आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि मोठ्या संख्येने खोजा लोक पुढे आले. माझगावची आपली खुश्रू लॉज ही जागाही आगाखानांनी प्रयोगशाळेसाठी दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. हा गव्हर्नरांचा राजवाडा १८८२मध्ये लेडी फर्ग्युसन तिथे पटकीने वारल्यानंतर गव्हर्नरांच्या मनातून उतरला होता. मेजवान्यांच्या आणि नाचाच्या दिवाणखान्यांत आता फ्लास्कांच्या रांगा लागल्या.

आणि इथे कामाची जात बदलली. व्हरांड्यात होतं ते संशोधन, परळला सुरू झाला कारखाना. हे मी तुच्छतेने म्हणत नाही. सार्वजनिक आरोग्याचं काम शेवटी कारखान्याचंच असतं. पण एका फ्लास्कावर जी नजर ठेवता येते ती हजारावर ठेवायची तर नजरेच्या जागी नियम, नोंदवही आणि तपासण्या आणाव्या लागतात. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने लशीचा उपयोग मान्य केला, पण डोसाचं माप नीट ठरत नाही, बाटली-बाटलीत फरक पडतो, अशी टीकाही केली होती. ती टीका मला योग्य वाटते. हाफकिन यांच्यावर पुढे झालेला अन्याय सांगताना त्यांना निर्दोष देवता करण्याची गरज नाही.

१९०२ सालच्या हिवाळ्यासाठी पंजाब सरकारने टोचणीची प्रचंड मोहीम आखली. गावंच्या गावं टोचायची. परळकडे लशीची जी मागणी आली ती सहा आठवड्यांच्या तूप-रश्श्याच्या रीतीने पुरी होण्यासारखी नव्हती. हाफकिन यांनी रीत बदलली. रश्श्याऐवजी पाण्यात केलेल्या अगरवर जंतू वाढवायचे, म्हणजे पीक लवकर येतं. आणि कार्बॉलिक वगळलं. द्रव मुळात नीट निर्जंतुक असेल तर त्यात जंतुनाशक घालायचं कारण नाही, हा त्यामागचा विचार. प्रयोगशाळेपुरता तो बरोबर आहे. बाटली प्रयोगशाळेच्या बाहेर जाणार आहे, हे मात्र त्या विचारात पुरेसं मावलं नव्हतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं मुल्कोवाल हे गाव; हा जिल्हा आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या लागल्या. आठवडा उलटायच्या सुमारास त्यातल्या काहींचे जबडे आखडले, मानेचे आणि पाठीचे स्नायू ताठरले. धनुर्वात. एकूण १९ जण आजारी पडले आणि एकोणीसच्या एकोणीस गेले. या सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाकी चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही काही झालं नाही.

ही माणसं धरून आणलेली नव्हती. गावोगाव अफवा असताना ती सुईपुढे दंड करून बसली, हे विसरता कामा नये. त्यांची नावं या प्रकरणाच्या सांगण्यात कुठे येत नाहीत. बाटलीचा नंबर मात्र सगळ्यांना पाठ.

बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरलेली होती. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत दोन लष्करी हुद्द्याचे डॉक्टर, बॉमफर्ड आणि सेंपल. त्यांचा निष्कर्ष असा की धनुर्वाताचा जंतू बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळमध्येच, आत शिरला होता. आणि कार्बॉलिक वगळणं ही गंभीर चूक होती. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आलं आणि ते लंडनला परतले.

आता पुरावा काय होता ते पाहू. इथे माझ्यातला नोकरदार जागा होतो.

एक, वास. टोचणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीनुसार बाटली उघडली तेव्हा तिला वास येत नव्हता. धनुर्वाताचा जंतू द्रवात वाढला की घाण वास सुटतो. ज्याने एकदा तो घेतलाय तो विसरत नाही. ४१ दिवस मुंबईच्या पावसाळी उकाड्यातून पंजाबपर्यंत प्रवास केलेल्या, कार्बॉलिक नसलेल्या बाटलीत जर तो जंतू पहिल्यापासून असता तर द्रव स्वच्छ आणि बिनवासाचा राहणं फार अवघड.

दोन, वेळ. जुन्या, मुरलेल्या द्रवात जंतूबरोबर त्याने तयार केलेलं विषही साठलेलं असतं. ते थेट शरीरात गेलं तर लक्षणं लवकर आणि जोरात दिसायला हवीत. इथे आठवडा लागला, म्हणजे आत गेले ते मूठभर ताजे बीजाणू. ते आधी शरीरात रुजले, मग विष झालं. बी पेरून उगवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

तीन, चिमटा. बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या सकाळी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्यानेच ५३-एनचं बूच काढलं. नियम चिमटा ज्योतीवर धरण्याचा होता.

हे सगळं आयोगासमोर होतं. चिमट्याची गोष्ट कोणी लपवली नव्हती. तरी निकाल परळच्या विरुद्ध गेला. का, याची उत्तरं अनेक देता येतात. हाफकिन परदेशी, तेही रशियन, ज्यू, डॉक्टर नसलेले, आणि तरी सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर बसलेले. अनेकांनी पुढे या प्रकरणाला फ्रान्समधल्या ड्रेफस खटल्याची धाकटी आवृत्ती म्हटलं. त्यात तथ्य आहे. पण माझ्या मते आयोगाला मोहात पाडणारी आणखी एक साधी गोष्ट होती. कार्बॉलिक वगळल्याची नोंद कागदावर होती, ठळक, तारखेसहित. जमिनीवर पडलेला चिमटा म्हणजे एका खेड्यातल्या सकाळचा क्षण, कोणाच्या तरी आठवणीतला. कागदावरचा बदल आणि आलेलं संकट समोर दिसलं की माणूस त्या दोघांत दोरी बांधतो.

मला हे कसं कळलं ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे लागोपाठ काही दिवस ‘कंट्रोल’ नळ्या गढूळ निघू लागल्या. कंट्रोल म्हणजे ज्यात काहीही घातलेलं नाही अशा नळ्या. त्या दोन दिवसांनी स्वच्छच राहायला हव्यात. त्या गढूळ म्हणजे त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. नेमका त्याच आठवड्यात नळ्या धुणारा आणि ऑटोक्लेव्ह लावणारा परिचर नवा आला होता. आम्ही सगळ्यांनी एकमताने त्याला दोषी ठरवलं. कापसाची बुचं सैल लावतो, हात धूत नाही, टेबल पुसत नाही. त्याला मेमो मिळाला. मसुदा मी लिहिला होता.

तीनेक आठवड्यांनी यंत्र दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्याच कामासाठी आला आणि त्याने सहज ऑटोक्लेव्ह पाहिला. हवा बाहेर जाण्याची झडप अडकलेली. आत हवा कोंडून राहिली की काटा १५ पौंड दाब दाखवतो, पण वाफ १२१ अंशांना पोहोचत नाही. आम्ही रोज काटा बघत होतो आणि वहीत ‘१५ पौंड, २० मिनिटं’ असं लिहीत होतो. ते खोटं नव्हतं. तेवढ्या उष्णतेत साधे जंतू मरतात, बीजाणू नाही. तेच नळ्यांत उगवत होते. परिचराचं येणं आणि झडपेचं अडकणं यांचा आठवडा तेवढा एक होता. झडप बदलली. मेमो मात्र फायलीत तसाच राहिला, कारण तो मागे घ्यायचा तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने काढावा लागला असता.

त्यामुळे मुल्कोवालच्या प्रकरणात कार्बॉलिकचं नाव आलं की मी सावध होतो. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती घातलेलं चिलखत. धनुर्वाताचे बीजाणू ६५-७० अंशांच्या तासाभराला दाद देत नाहीत. अर्धा टक्का कार्बॉलिकनेही ते मरत नाहीत. फार तर वाढ रोखली जाते. म्हणजे समजा कार्बॉलिक असतं आणि तोच चिमटा त्याच सकाळी पडला असता, आणि बूच काढून लगेच टोचायला घेतलं असतं, तर बीजाणू तसेच दंडात गेले असते. आयोगाचा सगळ्यात वजनदार मुद्दा या ठिकाणी लंगडा पडतो. उलट, जर दूषण खरंच परळचं असतं तर कार्बॉलिकने वाढ दबली असती हेही खरं. पण मग वासाचं काय, आणि आठवड्याचं काय?

आयोगाचा अहवाल आणि साक्षी सरकारने बराच काळ बाहेर येऊ दिल्या नाहीत. डिसेंबर १९०६मध्ये त्या सरकारी राजपत्रात छापल्या गेल्या, तेव्हा कुठे इतरांना पुरावा वाचायला मिळाला. रोनाल्ड रॉस यांनी तो वाचला. हिवतापाचा डासाशी संबंध सिकंदराबादेत शोधून नोबेल मिळवलेले, स्वतः सरकारी वैद्यकीय सेवेत राहिलेले रॉस १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रांमागून पत्रं लिहू लागले. २९ जुलैला रॉस, सिंप्सन आणि आणखी काही नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं: हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट खोटा ठरला आहे. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात नेमणूक मिळाली. परळला नव्हे, कलकत्त्याला. आणि माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना उरली नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त होऊन गेले. १९३०मध्ये लोझानला वारले.

या पाच वर्षांच्या घोळाची किंमत कोणी आणि किती मोजली हे मोजमापात बसवता येणार नाही. एवढं मात्र नोंदलेलं आहे: मुल्कोवालची बातमी पसरल्यावर पंजाबातली ती मोठी मोहीम कोलमडली. १९०४मध्ये हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांवर माणसं मेली. १९०७मध्ये तेरा लाखांच्या आसपास, त्यातली सुमारे सहा लाख एकट्या पंजाबात. यातली सगळी लशीने वाचली असती असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. ती लस संपूर्ण संरक्षण देत नव्हतीच. पण बाटलीत जंतू कुठे शिरला याचा प्रामाणिक शोध कागदपत्रं दाबून ठेवण्यापेक्षा स्वस्त पडला असता.

परळमध्ये काम थांबलं नव्हतं. तिथेच ग्लेन लिस्टन आणि पुढे प्लेग रिसर्च कमिशनची मंडळी उंदीर आणि पिसवांवर काम करत होती. पोल सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८मध्ये कराचीत पिसवेकडे बोट दाखवलं होतं तेव्हा त्याला फारसं कोणी विचारलं नव्हतं. मुंबईतल्या कामाने ते पक्कं झालं. शहरभरातून मेलेले उंदीर येत, त्यांना जागेचा पत्ता आणि नंबर बांधलेला असे, ओळीने फाडून तपासले जात. ते हात कोणाचे होते? बहुतेक इथल्याच लोकांचे, आणि बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. लशीत कार्बॉलिक परत आलं. १९२५पर्यंत परळहून प्लेगच्या लशीचे अडीच कोटींहून अधिक डोस बाहेर गेले, आणि त्याच वर्षी संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं.

हाफकिन यांची सुटका झाली याचं समाधान मोठं आहे, पण ते झालं की मन त्या मदतनिसाकडे जातं. रॉस यांच्या बाजूने विचार केला की दोष परळच्या संचालकावरून घरंगळत थेट त्याच्या चिमट्यावर येऊन थांबतो. सगळ्यात वरचा सुटला की सगळ्यात खालचा सापडतो, हे आमच्या खात्यात मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्या माणसाने काय केलं? चिमटा पडला, तो त्याने तसाच वापरला नाही. कार्बॉलिकमध्ये बुडवला. ऑक्टोबरच्या अखेरीची सकाळ, पंजाबातलं खेडं, गुरं, शेणाची जमीन, म्हणजे धनुर्वाताच्या बीजाणूंचं माहेरघर. समोर रांग लागलेली, साहेब सुई घेऊन तयार. कार्बॉलिक म्हणजे जंतुनाशक, हे त्याला शिकवलेलं होतं. शहाण्या-सुरत्या शल्यवैद्यांनाही तेव्हा तेच शिकवलेलं होतं. काही क्षणांच्या बुडीने बीजाणू मरत नाहीत, त्याला ज्योतच लागते, हा फरक त्याला कोणी समजावून सांगितला होता का? नियम सांगणं वेगळं आणि नियमाचं कारण सांगणं वेगळं. आणि ज्या आयोगाने कार्बॉलिक नसण्यावर एवढं बोट ठेवलं, त्याचा कार्बॉलिकवरचा विश्वास या मदतनिसाच्या विश्वासाहून किती निराळा होता?

एका बाटलीत वीस माणसांचा डोस ठेवायचा आणि ती उघड्यावर उघडायची, हा निर्णयही त्याचा नव्हता.

आमच्याकडे नमुना घेण्याच्या सूचनांचा छापील कागद असतो. नळाचं पाणी घ्यायचं तर आधी नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून जाळून घ्यायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, मग बाटली धरायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. कागद चांगला आहे. फक्त तो लिहिला तेव्हा नळ पितळेचे होते. आता गावोगाव प्लास्टिकच्या तोट्या आहेत, जाळायला गेलं की वितळतात. गावातला जलसुरक्षक एसटीने किंवा मोटरसायकलवर तीस-चाळीस किलोमीटर येतो, बर्फाचा डबा असला तर असतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असाच एक पोरगा सहा बाटल्या घेऊन आला होता. फॉर्मवर एक रकाना असतो, नळाचं तोंड निर्जंतुक केलं होतं का. तो रिकामा होता. मी विचारलं, “तोटी जाळली होतीस का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेनाकडे. “हो सर,” म्हणाला.

मी ‘हो’ लिहिलं आणि बाटल्यांना नंबर दिले.